कढईनंतरचं तेल: मिरजेजवळच्या शेडमधल्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४

शेड तयार झाली. तळणीच्या वापरलेल्या तेलात मिथेनॉल मिसळून त्याचं बायोडिझेल, म्हणजे डिझेलऐवजी चालणारं इंधन, इथे करायचं. लोखंडी ड्रमला शंकूसारखा तळ वेल्ड करून घेतलाय. आत दोन किलोवॅटची कॉइल आहे, खाली व्हॉल्व्ह, बाजूला फिरता पंप, आणि धुण्यासाठी प्लॅस्टिकची वेगळी टाकी. एका वेळी १०० लिटर तेल बसतं. वायरिंग, एक्झॉस्ट फॅन आणि आग विझवायचं सिलिंडर धरून खर्च १ लाख १० हजारांवर गेला. सगळ्यात महाग पडली ती पंपाची फ्लेमप्रूफ मोटर. भाचा म्हणत होता, "मामा, साधी मोटर बसवूया की, निम्म्यात हुईल." मी ऐकलं नाही. मिथेनॉलची वाफ डोळ्यांना दिसत नाही आणि ११-१२ अंशांच्या वर ती ठिणगी लागली की पेटते. आपल्याकडे डिसेंबरातली पहाट सोडली तर बाराही महिने तापमान त्याच्या वरच असतं.

मिथेनॉल बाळगायचा परवाना हाती येईपर्यंत बरेच महिने गेले. चिडचिड झाली, पण तो नियम का आहे हे मला ठाऊक आहे. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, ती दारूत मिसळलेल्या याच मिथेनॉलमुळे. म्हणून ड्रमला कुलूप, किल्ली फक्त माझ्याकडे, आणि शेडमध्ये लहान मूल येणार नाही. भाच्याला हे तीनदा सांगितलं.

एक गोष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. हे इंधन विकायचं नाही. विक्रीचे परवाने वेगळे आणि प्रमाणपत्रंही वेगळी. रस्त्याकडेला 'बायोडिझेल' अशी पाटी लावून भलतंच काहीतरी विकणाऱ्यांवर छापे पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आपलं तयार होईल ते विहिरीवरच्या ५ एचपीच्या इंजिनात आणि भाच्याच्या जुन्या टेम्पोत जाईल. एक लिटर नेमकं कितीला पडतं ते प्रामाणिकपणे मांडायचं, त्यासाठी ही वही.

२३ जून

पहिला घाणा.

तेल तीन ठिकाणचं: स्टँडजवळची आक्कांची भजीची गाडी, एक खाणावळ आणि एक फरसाणवाले शेठ. सगळीकडे १५ किलोच्या डब्याचा हिशोब, भाव ४२ रुपये किलो. १०० लिटर निवळ तेल मिळवायला ९९ किलो घ्यावं लागलं, कारण तळाशी बेसनाचा गाळ आणि पाणी असतंच.

तेलाची आम्लता मोजायला दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलीनऐवजी हळद वापरली. शाळेत तीस वर्षं मुलांना हळदीचा कागद करून दाखवला, तीच हळद आता स्पिरिटात भिजवून घेतली. अल्कली जास्त झाली की पिवळा रंग लालसर होतो, आणि काळपट तेलातही तो बदल नीट दिसतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती या कामीसुद्धा येते याचा मला मनापासून आनंद झाला.

आकडा आला ३. म्हणजे लिटरला कॉस्टिक पोटॅश ७ ग्रॅम मूळचं आणि ३ वरचं, असं १० ग्रॅम. शंभर लिटरला एक किलो. कॉस्टिक सोडा स्वस्त पडतो, तरी पोटॅशच घेतलं. उरलेला चोथा पुढे मातीत जाणार आहे आणि मातीला सोडियम नको असतं.

तेल आधी तापवून त्यातलं पाणी उडवलं, मग ५५ अंशांपर्यंत निवू दिलं. मिथेनॉल ६४-६५ अंशांना उकळतं, त्यामुळे त्याच्या खालीच राहायचं. पोटॅश विरघळवलेलं २० लिटर मिथेनॉल बंद नळीतून सोडलं आणि तासभर पंप फिरवला. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लाच्या तीन शेपट्या जोडलेल्या असतात. पोटॅशच्या मदतीने मिथेनॉल त्या तिन्ही सोडवून घेतं आणि ग्लिसरीन मोकळं होतं. ते जड असल्यामुळे रात्रीतून तळाला बसतं. सकाळी व्हॉल्व्ह उघडला तर आधी काकवीसारखं काळं आलं, मागून मधाच्या रंगाचं स्वच्छ द्रव. भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

तीनदा धुऊन, सुकवून हाती आलं ९२ लिटर. हिशोब असा: तेल ४,१५८, मिथेनॉल १६ किलो ४८ रुपयांनी ७६८, पोटॅश ११०, वीज ८५, गाळण्या आणि किरकोळ ४०, तेल गोळा करायची टेम्पोची फेरी ३००. बेरीज ५,४६१, म्हणजे लिटरला ५९ रुपये ३६ पैसे.

पण यात माणसाची हजेरी नाही. घरगुती बायोडिझेलचे जे हिशोब लोक हौसेने सांगतात, त्यात हीच रक्कम गाळलेली असते. आपले हात फुकट धरले तर कुठलाही धंदा नफ्यातच दिसेल. दोन दिवसांत विखुरलेलं काम मिळून एक पूर्ण हजेरी होते. तिचे ५०० धरले की बेरीज ५,९६१ आणि लिटर ६४ रुपये ८० पैशांना.

पंपावर डिझेल ९१ च्या आसपास आहे. लिटरमागे बायोडिझेलची ताकद साधारण ८ टक्के कमी, म्हणून ९२ लिटर बायोडिझेल म्हणजे सुमारे साडेचौऱ्याऐंशी लिटर डिझेल. त्याचे झाले ७,७००. घाण्यामागे १,७४० रुपये वाचले. याच वेगाने ६३ घाण्यांत यंत्राचे पैसे फिटतील.

७ जुलै

टेम्पो बंद पडला. इंधनात दोष नव्हता. टाकीत आणि नळ्यांत वर्षानुवर्षं बसलेला डिझेलचा मळ बायोडिझेलने सोडवून फिल्टरपर्यंत आणला. फिल्टर बदलला, गाडी सुरू झाली. रबरी नळ्याही फुगायला लागल्यात, त्या व्हिटॉनच्या, म्हणजे बायोडिझेलला टिकणाऱ्या रबराच्या, घालाव्या लागतील. एकूण १,४०० रुपये. हा खर्च एकदाच येतो, पण यंत्राच्या किमतीत मिळवायलाच हवा.

१० ऑगस्ट

आज जागतिक जैवइंधन दिवस. १८९३ साली याच तारखेला रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची आउग्सबुर्गमध्ये पहिली चाचणी झाली. त्या दिवशी ते शेंगदाणा तेलावर चाललं असं आपल्याकडे भाषणांत सांगतात, ते बरोबर नाही. शेंगदाणा तेलाचा प्रयोग १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्यांच्यात सात वर्षांचं अंतर आहे.

आपल्या हिशोबाला उपयोगी गोष्टी नंतरच्या आहेत. तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात बनणारे खराब पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, हा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी १० ऑगस्टला 'रुको' ही योजना आली: वापरलेलं तेल कढईत परत जाऊ द्यायचं नाही, त्याचं इंधन करायचं. २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत अशा बायोडिझेलसाठी प्रस्ताव मागवले. देऊ केलेला दर होता पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२.७०, तिसऱ्या वर्षी ५४.५०.

माझा खर्च ६४.८०. शंभर लिटरच्या ड्रमवाल्यासाठी तो दर नव्हताच. शिवाय त्यांना माल आयएस १५६०७ या भारतीय मानकाप्रमाणे लागतो: एस्टर, म्हणजे खरं बायोडिझेल, किमान ९६.५ टक्के, मोकळं ग्लिसरीन ०.०२ टक्क्याच्या आत. ते तपासायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो आणि प्रयोगशाळेची फी प्रत्येक घाण्याला परवडणारी नाही. माझी तपासणी साधी आहे. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकून हलवायचं. तळाशी थेंब बसला तर तेल कच्चं राहिलं, सगळं एकजीव झालं तर बरं. स्वतःच्या इंजिनापुरता यावर मी विश्वास ठेवतो. दुसऱ्याच्या गाडीत या भरवशावर एक थेंबही घालणार नाही.

१८ ऑगस्ट

घाणा बिघडला.

एका लग्नाच्या कार्यालयातून सहा डबे आले होते. पाऊस चालू होता, डबे उघडे होते. मी तेल तापवलं, पण तडतड पूर्ण थांबायच्या आत पुढे गेलो, कारण दुपारी वीज जाणार होती. आम्लताही ५.५ होती. पाणी आणि आम्ल दोन्ही असलं की पोटॅश साबण करतं. धुण्याच्या टाकीत सगळं ताकासारखं पांढरं झालं. दोन दिवस ठेवलं तरी थर वेगळे होईनात. शेवटी कोमट मिठाचं पाणी घालून साबण फोडला. हाती आलं ६१ लिटर.

खर्च जवळपास तेवढाच. ५,९६१ भागिले ६१: लिटर ९७ रुपये ७० पैसे. पंपावरच्या डिझेलपेक्षा महाग. एका घाण्यात तीस लिटर साबणात गेलं की पुढच्या घाण्याची जवळपास निम्मी बचत ती तूट भरण्यातच जाते. यापुढे आम्लता ४ च्या वरचं तेल घ्यायचं नाही, आणि तडतड थांबल्यावर घड्याळ लावून आणखी अर्धा तास थांबायचं. वीज गेली तर गेली.

१ सप्टेंबर

ग्लिसरीनबद्दल. घाण्यामागे वीसेक लिटर निघतं. शुद्ध ग्लिसरीनला बाजार आहे, पण आपल्या या काळ्या मालात साबण, पोटॅश आणि मिथेनॉल सगळंच असतं. तो कुणी घेत नाही. शेजारच्या मळ्यात गोबरगॅस आहे. तापवून मिथेनॉल काढलेलं ग्लिसरीन शेणाच्या काल्यात थोडं थोडं घालून पाहिलं, तर शेगडी जास्त वेळ चालायला लागली. रोज एक तांब्या, त्याहून जास्त नाही. जास्त झालं की टाकी आंबते आणि गॅस बसतो. पैसे मिळत नाहीत, पण तिथल्या वहिनी दूध पाठवतात, आणि स्लरीतून पोटॅश उसाला जातं. वहीत जमेच्या बाजूला शून्यच लिहितो.

मिथेनॉल काढताना ते कंडेन्सरने परत मिळवतो. घाण्यामागे पाचेक लिटर, म्हणजे १९० रुपये. या कामात सगळ्यात जोखमीची पायरी हीच, त्यामुळे ती मी एकटा करतो.

१५ सप्टेंबर

कालपासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ सीमाशुल्क लागलं. अधिभार धरून एकूण साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के. सोयाबीन पिकवणाऱ्यांना भाव मिळावा म्हणून हे झालं, आणि त्यांना तो मिळायलाच हवा. आमच्या गावातच अर्ध्या शिवारात सोयाबीन आहे.

शेठना फोन केला. ते म्हणाले, "सर, डबा पुढच्या आठवड्यापासून ४८ नं."

४ नोव्हेंबर

भाऊबीज झाली. नव्या पामतेलाचा डबा उन्हाळ्यात दीड हजारांच्या आसपास होता, आता दोन हजारांच्या वर गेलाय. आक्कांकडे गेलो. "सर, पयल्यांदा दोन दिसांनी तेल बदलत होतो. आता च्यार दिस वढतूय. काय करू? भजीची प्लेट तेवढ्यालाच द्यायची." मी काहीच बोलू शकलो नाही. चार दिवस उकळलेलं तेल माझ्याकडे येईल तेव्हा त्याची आम्लता माझ्या कामाची नसेल, पण त्याआधी ते माणसांच्या पोटात गेलेलं असेल.

वापरलेल्या तेलाचा भाव ५६. घाण्याची बेरीज ७,३४७ झाली आणि बचत साडेतीनशे रुपयांवर आली.

फराळाचं घरगुती तेल मात्र भरपूर आहे. कॉलनीत ९० घरांत फिरलो. लोक बाटल्या भरून द्यायला तयार होते. "बेसिनमध्ये ओतायला नको वाटतं, पण करायचं काय ते कळत नव्हतं," असं बऱ्याच जणी म्हणाल्या. ७४ किलो जमलं, तीन फेऱ्या आणि एका पोराची अर्धी हजेरी धरून ९०० रुपयांत. किलोला १२ रुपये. आम्लता १ च्या आत, म्हणजे एकदाच तळलेलं तेल. या वर्षातला सर्वांत देखणा घाणा यातून निघाला, पण दिवाळी वर्षातून एकदाच येते.

८ डिसेंबर

ज्यासाठी ही वही ठेवली, ते आज समोर आलं.

शेठ म्हणाले, "सर, दुसरा एक जण ६२ नं रोख नेतोय. बिल मागत नाही, तुमच्यासारखं वासही घेत नाही." मी विचारलं, तो त्याचं काय करतो? शेठ थोडं थांबून म्हणाले, "गाळतो, रंग उतरवतो. पुढं भज्यांच्या गाड्यांवर जातंय म्हणतात."

घरी येऊन आकडेमोड केली. तेलाचा भाव किलोला एक रुपया वाढला की माझ्या लिटरमागे १ रुपया ८ पैसे वाढतात. डिझेल ९१ वर असताना हजेरीसकट हिशोब ५९ रुपये ६० पैसे किलोला बरोबरीत येतो. हजेरी सोडली तर ६४ रुपये ६० पैसे. मिथेनॉल परत मिळवून आणखी दोनेक रुपये. माझी उडी यापुढे जाऊच शकत नाही. माझ्या मालाची किंमत पंपावरचं डिझेल ठरवतं आणि ते महिनोन् महिने तिथंच आहे.

त्या माणसाची स्पर्धा डिझेलशी नाही. त्याची स्पर्धा नव्या तेलाशी आहे, आणि नवं तेल किलोला १४० वर गेलंय. तो ६२ ला घेईल, ७० ला घेईल, ८० लाही घेईल, तरी गाडीवाल्याला ते नव्यापेक्षा स्वस्तच पडेल. नवं तेल महागतं तेव्हाच वापरलेलं तेल कढईत परत जाण्याची ओढ सर्वांत जोरात असते, आणि नेमकं तेव्हाच माझ्यासारख्याचा ड्रम रिकामा राहतो. आजवर मी पोटॅशचे ग्रॅम, विजेची युनिटं, धुण्याचं पाणी यांत पैसे वाचवत बसलो होतो. ते सगळं मिळून लिटरमागे पाच रुपयांचंही नाही. लिटरची किंमत ठरते शेठच्या मागच्या दारात.

वर मोठे खरेदीदारही आहेतच. युरोपात वापरलेल्या तेलाचं इंधन उद्दिष्टांत दुप्पट मोजलं जातं आणि विमानाच्या इंधनालाही ते लागतं. तिथे माल गेला तर मला वाईट वाटणार नाही. तो कुणाच्या पोटात तरी जात नाही.

२२ डिसेंबर

पहाटे थंडी कडक. इंजिन सुरू होईना. फिल्टरमध्ये मेणासारखं पांढरं साचलं होतं. पामतेलाचं बायोडिझेल साधारण १५ अंशांखाली गढूळ व्हायला लागतं. सोयाबीनचं बरंच खाली टिकतं, पण गाड्यांवर सगळं पामच. फेब्रुवारीपर्यंत पाचात एक भाग बायोडिझेल आणि चार भाग साधं डिझेल.

१२ जानेवारी २०२५

डिसेंबरात दोनच घाणे झाले. आजपर्यंत एकूण ३१. बिघडलेला घाणा, फिल्टर, नळ्या सगळं वजा जाता बचत ३४ हजारांच्या जवळ. ६३ घाण्यांत पैसे फिटतील हे जूनमधलं गणित आता खरं नाही. भाचा विचारत होता, ड्रम विकायचा का. मी नाही म्हणालो. पण त्याचा प्रश्न रास्त आहे, त्याने यात स्वतःचे वीस हजार घातलेत.

काल शेठशी पुन्हा बोललो. मी ६० द्यायला तयार झालो, तोटा सोसून, एका अटीवर: डबा माझा झाला की तिथेच, त्यांच्या अंगणात, मी त्यात पावशेर बायोडिझेल ओतणार. मग ते तेल वाटेत कुठल्याही हाताला लागलं तरी कढईत चालणार नाही. शेठ म्हणाले, "तुमच्या डब्यात काय वता ते वता. पण माझ्या दारात नको. बाकीचे बघतील, भाव पडंल." त्यांच्या धंद्याची अडचण मला समजते. तरी दोन डबेच घेतले आणि रस्त्याच्या वळणावर थांबून त्यांत ओतलं.

९ मार्च

आता वेगळी बांधणी करतोय. शेठचा माल सोडून दिला. कॉलनीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी फेरी, घरटी एक कॅन. दोन शाळांच्या कार्यक्रमांचे आचारी, एका मठाचा भटारखाना. किलोला सरासरी २१ रुपये पडतायत, पण महिन्याला फक्त १३० ते १५० किलो. म्हणजे महिन्याला दीड घाणा. लिटर ४२ ते ४३ रुपयांत बसतंय, हजेरी धरून. नफा लिटरला चांगला, एकूण मात्र थोडा. मोठा ड्रम घ्यायचा विचार पूर्ण सोडला. तेल थोडं आणि विखुरलेलं असताना मोठं यंत्र रिकामं उभं राहतं.

आक्कांसाठी हळदीची एक छोटी बाटली आणि ड्रॉपर ठेवलाय. आठवड्यातून दोनदा मी त्यांचं तेल तपासतो आणि आकडा ३ च्या वर गेला की सांगतो, आता बदला. सरकारी मोजमाप वेगळं, ध्रुवीय घटकांचं, त्याचं मीटर माझ्याकडे नाही. पण बदलायची वेळ झाली याचा ढोबळ अंदाज एवढ्यावरून येतो. मी त्यांना किलोला ५५ देतो. इतरांपेक्षा कमी, हे त्यांना माहीत आहे.

१ जून

परवा, ३० मे रोजी, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ सीमाशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं. बाजारात अजून फरक दिसत नाही. शेठचा फोन आला होता, "५८ नं घेणार का?" हिशोबात बसतंय, जेमतेम. ओतायची अट पुन्हा सांगितली. विचार करून कळवतो म्हणाले.

संध्याकाळी आक्कांकडे गेलो. डबा भरून तयार होता. मी पिशवीतून बायोडिझेलची बाटली काढली तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. "द्या हिकडं, मी वतते." गाडीपुढं पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोरच ओतलं आणि झाकण दाबलं.

पुढचा घाणा रविवारी. पोटॅश संपत आलंय, दोन किलो आणायचं आहे.